सूर हलवावा, पण सोडू नये

(समूह रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना मधूनमधून गिटार वाजवून दाखवली होती, त्या जागा कंसात दिल्या आहेत.)

 

आज मी बोलणार आहे इलेक्ट्रिक गिटारबद्दल. हसू आलं ना? येऊ दे. माझ्या सासूबाईही हसल्या होत्या. पण आधी दोन सूर ऐका, मग बोलू.

(येथे गिटारवर एक सरळ सूर वाजवला. मग तोच सूर हलवून वाजवला.)

दोन्ही वेळा सूर एकच होता. तीच तार, तीच जागा. पहिला नुसता वाजला आणि विझला. दुसरा कोणीतरी गायल्यासारखा वाटला. या दोघांत जो फरक आहे, तो शिकायला मला दीड वर्ष लागलं. आज तेवढंच सांगायचं आहे.

आधी मी गिटारकडे कशी वळले ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचं गाव पेण तालुक्यात. गावच्या महिला भजनी मंडळात मी वीस वर्षं पुढे बसून गायले. अभंगाचा शेवटचा शब्द लांबवायचा आणि तो हळूच हलवत समेवर आणून ठेवायचा, एवढी एक गोष्ट मला जमायची. बायका म्हणायच्या, तुझा शेवटचा सूर ऐकायला थांबतो आम्ही. मग माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गळ्यात थायरॉइडच्या गाठीला लागूनच आवाजाच्या पडद्यांकडे जाणारी नस असते. आवाज बदलू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तसंच झालं. बोलणं परत आलं, पण वरचा सूर लावला की आवाज फाटायचा. लांबवायला गेलं की श्वासच निघून जायचा. मी मंडळात मागे बसून टाळ वाजवायला लागले. पुढे तेही सोडलं. गुरुवार आला की काहीतरी काम काढायचं आणि घरी राहायचं.

त्या वर्षी गावात एका हळदीला ऑर्केस्ट्रा होता. आपल्याकडच्या हळदी तुम्हाला माहीत आहेत, कानठळ्या बसतात. मी मागे खुर्चीत बसले होते. गाण्याच्या मध्ये गिटारवाल्याने एक सूर धरला, थोडा तसाच ठेवला आणि मग हलवला. मी ताठ बसले. माझा गळा जे करायचा, ते याच्या बोटांतून येत होतं.

भाच्याची जुनी इलेक्ट्रिक गिटार आमच्या माळ्यावर पडून होती. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, ती इथेच राहिली. मी फोन करून विचारलं, वापरू का? तो म्हणाला, "मामी, खुशाल वापर, पण तू करणार काय तिचं?" त्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला रोह्याचा निघाला. रविवारी मुलांना शिकवायचा. माझ्या मुलाच्या वयाचा, पण शिकवतो म्हणून मी त्याला सर म्हणते, आणि तो मला काकू म्हणतो. तेव्हापासून दर रविवारी पेणहून गाडी पकडायची, कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला उतरायचं, तासभर शिकायचं आणि परत यायचं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, एखादं गाणं शिकवतील. त्यांनी एक सूर वाजवला आणि म्हणाले, "काकू, हा गुणगुणा." मी म्हटलं, "सर, आवाज गेलाय माझा." ते म्हणाले, "बारीक आवाजात गुणगुणा. सूर बरोबर आहे का एवढंच बघायचंय." मी गुणगुणले. सूर बरोबर होता. गळा बिघडला होता, पण वीस वर्षांत तयार झालेला कान तसाच होता. हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही तपासून पाहिलं नव्हतं.

आता सूर हलवणं म्हणजे काय ते बघू. इंग्रजीत याला व्हायब्रेटो म्हणतात. आपल्याकडे संथ हलला तर आंदोलन म्हणतात, जोरात आणि वजनाने हलला तर गमक. दरबारी कानडा रागातला कोमल गंधार असाच संथ झुलवत लावतात. म्हणजे गोष्ट परकी नाही, नाव तेवढं परकं आहे.

प्रत्येक वाद्याला हे जमत नाही. आपली भजनातली पेटी घ्या. पट्टी दाबली की पत्ती ठरलेला एकच सूर देते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, सूर झुलवणं पेटीत होत नाही. म्हणून तर १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती, आणि ती सुमारे तीस वर्षं चालली. आपण आज रेडिओवरच बोलतोय म्हणून सांगितलं. पेटीवर माझा राग नाही. पेटीशिवाय आमचं मंडळ उभं राहत नाही.

दुसरा आपल्या ओळखीचा बेंजो. पेण-रोह्याकडे बेंजो पार्टी नाही असं लग्न नाही, गणपतीची मिरवणूक नाही. त्यावर २०१६ साली रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमाही काढला. हा बेंजो मूळचा जपानचा. तिकडे १९१२ साली बटणांचं एक तंतुवाद्य निघालं, त्याचा हा भाऊबंद. आपल्या लोकांनी त्याला पिकअप लावून लाऊडस्पीकरला जोडला. पण त्यात बोटाखाली बटण असतं आणि बटणाखाली तार. तारेला बोट थेट लागत नाही.

गिटारमध्ये तार थेट बोटाखाली येते. सतारीला पडदे असतात तशा गिटारच्या दांडीवर धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. फ्रेटच्या मागे तार दाबली की सूर ठरतो. तीच दाबलेली तार दांडीवर आडवी सरकवली की तिचा ताण वाढतो आणि सूर चढतो. सोडली की उतरतो. सतारीची मींड अशीच ओढतात. आणि इलेक्ट्रिक गिटारच का? तिच्या तारा पातळ आणि मऊ असतात, ओढायला सोप्या. शिवाय तारांखाली लोहचुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, तोच पिकअप. तो तारेची थरथर विजेत उतरवतो आणि अ‍ॅम्प ती मोठी करतो. साध्या गिटारचा सूर लवकर विरतो. याचा टिकतो. सूर टिकला तरच त्याला हलवायला वेळ मिळतो.

आता शिकायचं कसं? मी चुका करत शिकले, तुम्ही त्या ऐकून शिका.

माझी पहिली चूक अशी की मी नुसतं बोट हलवत होते. बोटाच्या पेरांनी तार ढकलायची, सोडायची. आठ दिवसांत बोट सुजलं, सूर मात्र हलला नाही. सर म्हणाले, "काकू, कुलपात किल्ली फिरवा." मी हवेत किल्ली फिरवली. "काय हललं?" बघितलं तर बोटं होती तशीच होती, मनगट आणि कोपरापुढचा हात फिरला होता. "तसंच करायचं. बोट फक्त तार धरतं, काम मनगट करतं." तर्जनीचं मूळ दांडीच्या खालच्या कडेला टेकवायचं, ती बिजागरी. अंगठा दांडीच्या वरून आरामात ठेवायचा. आणि दार बिजागरीवर फिरतं तसा हात फिरवायचा. तार अनामिकेने दाबली असेल तर मधलं बोट आणि तर्जनी तिच्या मागे त्याच तारेवर ठेवायची. तीन बोटांचं बळ एका जागी येतं.

सुरुवातीला तिसरी तार घ्यावी, सातवा फ्रेट. दांडीच्या टोकाजवळ पहिल्या-दुसऱ्या फ्रेटला तार फार ताठ लागते, मध्यावर मऊ लागते. सगळ्यात बारीक पहिली तार मात्र नेहमी वर, आपल्या तोंडाच्या दिशेने ढकलायची. खाली ओढली तर ती दांडीवरून निसटते. जाड पाचवी-सहावी खाली ओढायची, त्याच कारणाने. मधल्या तारा कशाही चालतात.

दुसरी चूक सगळेच करतात. गळ्याचा सूर हलतो तो मूळ सुराच्या वर आणि खाली, दोन्हीकडे. दाबलेली तार मात्र वर ढकला नाहीतर खाली ओढा, तिचा सूर चढतोच. उतरण्याची एकच वाट आहे, मूळ जागी परत येणं. मी ओढत होते, पण पुरती सोडत नव्हते. त्यामुळे माझा सूर कायम चढा राहायचा आणि ऐकणाऱ्याला कसंसंच व्हायचं. सर दर वेळी म्हणायचे, "किती वर गेलात ते नंतर बघू. घरी परत आलात का?" तीन आठवडे मी फक्त परत यायला शिकले.

(येथे आधी परत न येणारा सूर वाजवला, मग दर वेळी मूळ जागी येणारा.)

ऐकलंत? पहिला बेसूर लागतो. दुसरा वर जातो, पण प्रत्येक वेळी घरी येतो.

तिसरी चूक घाईची. जोरात हलवलं की छान वाटेल असं मला वाटायचं. घरातल्यांनी सांगितलं, शेळी ओरडतेय. मग सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. घड्याळाच्या एका टिकला एकदा ओढायचं आणि एकदा सोडायचं, एवढंच. ते दोन मिनिटं न चुकता जमलं की एका टिकमध्ये दोनदा, मग तीनदा, मग चारदा. वेग आपोआप येतो. बसवायचा असतो तो सारखेपणा. प्रत्येक ओढ तेवढीच उंच, प्रत्येक परतणं तेवढंच पुरं. किती उंच, तर सुरुवातीला अर्ध्या सुरापेक्षाही कमी. सातवा फ्रेट दाबलाय, तर आठव्या फ्रेटचा सूर आधी वाजवून कानात ठेवायचा आणि सातव्यावरून ओढताना त्याच्या अलीकडेच थांबायचं.

आणि चौथी चूक. जमायला लागल्यावर मी प्रत्येक सूर हलवायला लागले. भाजीत सगळीकडे गूळ. सर म्हणाले, "तुम्ही भजनात प्रत्येक शब्द लांबवायचात का?" नाही. शेवटचाच शब्द लांबवायचो. आणि तोही आधी सरळ लावायचा, बसू द्यायचा, मग हलवायचा. गिटारवर तेच करायचं. सूर आधी स्थिर उभा राहू द्यावा, मग हळू हलवावा, हलवता हलवता थांबवावा. रागाचं गाणं असेल तर रुंद आणि जोरकस, विनवणीचं असेल तर संथ आणि अरुंद. या हलण्यानेच वाजवणारा ओळखू येतो. दोघांची सही जशी सारखी नसते, तसं हे.

सरांनी मला दोन परदेशी माणसांचं वाजवणं ऐकवलं. ती दोघं आपल्यासारखीच शेतावरची, म्हणून सांगते.

एक बी. बी. किंग. १९२५ साली अमेरिकेत मिसिसिपी राज्यात जन्मला. काळ्या वर्णाच्या गरीब घरातला. लहानपणी कापूस वेचला, पुढे ट्रॅक्टर चालवला. त्याच्या आईचा चुलतभाऊ बुक्का व्हाईट. तो तारेवर धातूची नळी घासून गिटार वाजवायचा, आणि त्यात सूर फार सुंदर झुलायचा. किंगला ती नळी काही जमेना. तो तसाच आवाज नुसत्या बोटांनी काढायला बघत राहिला. अंगठा दांडीवरून सोडायचा आणि बोटावर अख्खा हात फुलपाखरासारखा फडफडवायचा. न जमणाऱ्या एका गोष्टीतून त्याचं स्वतःचं वाजवणं तयार झालं. त्याच्या गिटारचं नाव ल्युसिल. गाताना तो वाजवत नसे. एक ओळ गायची, थांबायचं, आणि त्या ओळीला ल्युसिलने उत्तर द्यायचं. बायांनो, आपल्या भजनात पुढचीने म्हणायचं आणि मागच्यांनी झेलायचं, त्याच्याहून हे वेगळं आहे का?

दुसरी सिस्टर रोझेटा थार्प. जन्म १९१५, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातलं कॉटन प्लांट गाव. आई शेतात कापूस वेचायची आणि चर्चमध्ये देवाची गाणी म्हणायची. रोझेटा ही देवाची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवायला लागली, तेव्हा पुरुषही ती फारसे वाजवत नव्हते. १९६४ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर, पावसाने भिजलेल्या फलाटावर उभी राहून ती वाजवतेय, समोरच्या फलाटावर माणसं बसलीत, असं चित्रण आजही बघायला मिळतं. लांब कोट, गळ्यात गिटार, आणि चेहऱ्यावर कसला संकोच नाही. ते बघून मी सासूबाईंनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, "काय गो, ही तर आपल्यातलीच वाटते."

आता घरातल्या अडचणी. या कोणी पुस्तकात लिहीत नाही, म्हणून मी सांगते.

बोटं दुखणारच. दोन-तीन आठवड्यांत टोकाची कातडी घट्ट होते. भांडी-धुणं झाल्यावर लगेच वाजवू नका, ओल्या हाताची कातडी मऊ असते, तार कापते. आधी वाजवा, मग भांडी. तार दाबणाऱ्या हाताची नखं बारीक ठेवा. बांगड्या दांडीवर आपटतात. मी त्या वर सारून रुमाल बांधते, काढत नाही. मनगटात कळ आली की तिथेच थांबायचं, दुखणं अंगावर काढायचं नाही.

वेळ कुठून आणायचा? मी रोज पंधरा मिनिटं धरली. रात्री सगळे झोपल्यावर अ‍ॅम्प न लावताच वाजवते. इलेक्ट्रिक गिटार तशी वाजवली तर आपल्यापुरतीच ऐकू येते, कोणाची झोप मोडत नाही. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं हाताला लवकर वळण लावतात.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. अ‍ॅम्पला अर्थिंग असलेला तीन पिनांचाच प्लग हवा. तिसरी पिन काढून दोन भोकांत खुपसू नका. तारा थेट हाताला लागलेल्या असतात, अर्थिंग नसेल तर शॉक बसू शकतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून वाजवू नका. आणि आपला कोकणातला पावसाळा, तारा गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायच्या.

मग मंडळाचं काय झालं? गेल्या सप्ताहात मी गिटार घेऊन देवळात गेले. सगळ्यांना आवडलं असं नाही. एक मावशी म्हणाल्या, हळदीचं वाद्य देवापुढे कशाला? त्यांचं बोलणं मला लागलं, पण अगदी चुकीचं वाटलं नाही. त्यांनी ते वाद्य तिथेच ऐकलंय. मी एवढंच म्हटलं, मावशी, एका अभंगापुरतं बसू द्या, नको वाटलं तर उठते. आवाज अगदी बारीक ठेवला, मृदुंगाच्या खाली. अभंग मंडळाने गायला. शेवटचा शब्द मात्र त्यांनी थोडा आधी सोडला आणि तो मी धरला. आधी सरळ. मग हलवला. मग जागेवर आणून ठेवला. मावशी काही बोलल्या नाहीत. पुढचा अभंग सुरू करायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "बस" अशी हाताने खूण केली. आता मला तीन अभंगांची परवानगी आहे. चौथ्याची बोलणी चालू आहेत.

माझा आवाज परत आला नाही, येणारही नाही. त्याचं वाईट अजून वाटतं, गिटारने ते पुसलं नाही. पण गुरुवारी मी आता काम काढून घरी बसत नाही.

तुमच्यापैकी कोणाचा गळा गेला असेल, कोणाची बोटं आखडली असतील, कोणी लग्नानंतर गाणं सोडलं असेल. गिटारच शिका असं मी म्हणत नाही. पण जे येत होतं त्यातलं काय अजून शाबूत आहे, ते एकदा तपासून बघा. माझा कान शाबूत होता आणि मला ते माहीतच नव्हतं. तपासायला कोणीतरी समोर लागतं. गटाच्या मीटिंगमध्ये हप्त्यांचा हिशोब झाला की दहा मिनिटं एकमेकींना विचारा, तुला पूर्वी काय यायचं गं?

जाता जाता तोच सूर. तिसरी तार, सातवा फ्रेट.

(येथे एक सूर वाजवला. आधी सरळ, मग हलता, शेवटी पुन्हा सरळ.)

नमस्कार.